साकेत नगरातला तात्या विंचू

गेल्या हिवाळ्यात आठ दिवसांची अर्जित रजा टाकून भोपाळला जाऊन आलो. आपल्या गोव्यातून भोपाळला जाणं तसं सोपं. मडगावला गोवा एक्सप्रेसमध्ये बसायचं, दूधसागर बघायचा, बेळगाव-मिरज-पुणे-मनमाड-भुसावळ मागं टाकत झोपायचं आणि पुन्हा उठायचं. दुसऱ्या दिवशी भोपाळ. पण सोपं असूनही मी चौदा वर्षं गेलो नव्हतो. नोकरी, चवथ, लग्नकार्यं... कारणं काय, शोधली की सापडतात. यावेळी मात्र जावंच लागलं. माझ्या थोरल्या बहिणीला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता.

ताई राहते साकेत नगरात. भाऊजी भेलमधून निवृत्त झालेले. पलीकडेच एम्स, त्यामुळे वस्तीत औषधांची दुकानं आणि पेशंटांच्या नातेवाइकांसाठी खोल्या भरपूर. जवळच्या रेल्वे स्टेशनाचं नाव २०२१ साली राणी कमलापती झालं, पण भाऊजी अजून हबीबगंजच म्हणतात. घरात ताई, भाऊजी, भाची, तिचा नवरा आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. जावई हिंदी बोलणारे, शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी. तेव्हा पोरगा हिंदी बोलतो यात त्याचा दोष काय? मला तो ‘गोवावाले नाना’ म्हणतो.

अडचण वेगळीच होती. झटक्यानंतर ताईची वाचा हळूहळू परतत होती, पण परतताना तिनं आपला क्रम ठरवला होता. आधी आली ती कोकणी आणि मराठी, एकमेकींत मिसळलेली. आपल्याकडे घरात कोकणी आणि पुस्तकात मराठी हे नेहमीचंच. पण पस्तीस वर्षं भाजीवाल्यापासून शेजारणींपर्यंत सगळ्यांशी जी हिंदी ती झरझर बोलायची, ती मागेच राहिली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, धीर धरा. धीर मोठ्यांना धरता येतो. नातवाला काय सांगणार? नानी काहीतरी बोलते आणि आपल्याला कळत नाही, एवढंच त्याला कळलं होतं. तो तिच्या खोलीच्या दारापर्यंत यायचा, उंबरठ्यावर थांबायचा आणि परत जायचा. खरं सांगायचं तर तिच्या वाकड्या झालेल्या तोंडाची त्याला भीतीही वाटत होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताईच्या खोलीत मोबाईलवर तिला काहीतरी हसण्यासारखं दाखवावं म्हणून ‘झपाटलेला’ लावला. पोरगा दारात येऊन उभा. त्यानं बाहुल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “ये तो खिलौना बना खलनायक है!”

मी चकित झालो. मग आठवलं. महेश कोठारे यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’ हिंदीत डब होऊन १९९५ साली ‘खिलौना बना खलनायक’ या नावानं आला होता. आपण मराठी माणसं तात्या विंचू आपला एकट्याचा समजतो, आणि इकडे विंध्याच्या पलीकडे पोरं त्याला हिंदीत ओळखतात.

*

आता एक कबुली देतो. हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही शाळकरी पोर होतो. त्या काळी चवथीच्या दिवसांत आमच्या वाड्यावर वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे. माटोळीखाली गणपती आणि समोरच्या ओसरीवर लक्ष्या! रात्री दीड वाजता सिनेमा संपला, तेव्हा घरी जाताना कुळागराच्या वाटेवर आम्ही सहा जण एकमेकांचे हात धरून चाललो होतो. पुढे कॉलेजात गेलो, बी. ए.ला साहित्य घेतलं आणि फार शहाणा झालो. कोणी ‘झपाटलेला’चं नाव काढलं की मी नाक मुरडून म्हणायचो, “अरे, ती इंग्रजी सिनेमाची नक्कल.” एका मित्राला तर मी यावरून चारचौघांत इतकं टोचून बोललो की त्यानं माझ्याशी सिनेमाविषयी बोलणंच सोडलं.

नक्कल म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. टॉम हॉलंड या दिग्दर्शकाचा ‘चाइल्ड्स प्ले’ १९८८ साली आला. पोलिसांच्या गोळीनं मरायला टेकलेला खुनी मंत्र म्हणून आपला जीव खेळण्याच्या दुकानातल्या बाहुल्यात घालतो, तो बाहुला एका लहान मुलाच्या घरी येतो, आणि ज्याला त्यानं आपलं खरं रूप पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरल्याशिवाय त्याची सुटका नाही. ‘झपाटलेला’चा सांगाडा हाच आहे. गुंड तात्या विंचू बाबा चमत्काराकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो, इन्स्पेक्टर महेश जाधवची गोळी लागल्यावर बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला लक्ष्याकडे पोचतो.

पण सांगाडा म्हणजे माणूस नव्हे. त्या दिवशी साकेत नगरात, आठ वर्षांच्या पोराच्या बाजूला बसून सिनेमा बघताना, मला कॉलेजात न दिसलेल्या काही गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट. इंग्रजी सिनेमात बाहुल्याच्या तावडीत सापडतो तो सहा वर्षांचा मुलगा. म्हणून तो सिनेमा मुलांना दाखवायचा नसतो. मराठीत त्या मुलाच्या जागी कोण आलं? लक्ष्मीकांत बेर्डे! अंगानं वाढलेला, आईच्या पदराआड लपणारा, शब्दभ्रमाच्या नादानं वेडावलेला लक्ष्या. संकट मोठ्या माणसावर आल्याबरोबर प्रेक्षागृहातलं पोर मोकळं झालं. एक मोठा माणूस आपल्यापेक्षाही जास्त घाबरतोय हे बघण्यात केवढा दिलासा असतो! आमचा पोरगा लक्ष्या किंचाळला की आधी दचकायचा आणि लगेच खदखदून हसायचा. त्यात लक्ष्याचं कुणी ऐकून घेत नाही. बाहुला बोलतो, चालतो, मारतो, आणि संशय येतो तो लक्ष्यावर. आपलं खरं असूनही मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत, हे दुःख जगातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट मरणाची जागा. अमेरिकन बाहुला मरतो तो काळजात गोळी लागून. तात्या विंचूला मारायचं तर गोळी दोन भुवयांच्या बरोबर मध्ये लागली पाहिजे. म्हणजे जिथं आपण गंध लावतो तिथं! पटकथेतला हा एवढासा फरक, पण बाहुला कुठल्या देशात आलाय ते त्यावरून कळतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे खुद्द बाहुला. तो कुठून आला हा इतिहास सांगण्यासारखा आहे.

*

बाहुली आपल्याला नवी नाही. ज्ञानेश्वरीत सूत्रावर नाचणाऱ्या बाहुल्यांसाठी ‘साइखडें’ असा शब्द येतो. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी श्रोत्यांना हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नव्हता, खेळ सगळ्यांनी पाहिलेला होता. आपल्या सीमेपलीकडे, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर आदिवासी समाजानं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी हे तिन्ही प्रकार आजवर सांभाळले. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. आश्रय गेला, टीव्ही आला, खेळ थांबत आले. तिथले परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच या बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पणजीहून निघालं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पाहिलं नसेल तर जरूर पाहा.

पण कळसूत्री बाहुली ही देवादिकांची. रामायण-महाभारत सांगणारी. तिचा सूत्रधार पडद्यामागं राहून गातो. मांडीवर बसून मालकालाच उलटं बोलणारा बाहुला हा पाहुणा विलायतेचा. त्याला मराठी केलं ते यशवंत केशव पाध्ये यांनी. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यांनी शब्दभ्रमाची कला कमावली आणि ‘अर्धवटराव’ जन्माला आला. पुढं त्याला आवडाबाई ही बायको मिळाली, गंपू-चंपू ही पोरं झाली. बघा, आपल्याकडे बाहुल्याचासुद्धा संसार लावून दिल्याशिवाय राहवत नाही! अर्धवटरावानं आता शंभरी ओलांडली आहे.

यशवंतरावांचे चिरंजीव रामदास पाध्ये १९६७ साली रंगमंचावर उभे राहिले आणि बोलक्या बाहुल्या घराघरात पोचवल्या. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसरा ससा आठवतो ना? तो त्यांचाच. आणि तात्या विंचूचा बाहुलाही त्यांचाच.

इथं एक गंमत आहे. अर्धवटराव आणि तात्या विंचू ही एकाच घरातली मंडळी. एक आजोबांच्या वयाचा सज्जन, दुसरा त्याच घरात निपजलेला गुंड. बोलक्या बाहुल्याचं यंत्र साधं असतं. पोकळ धड, आत कलाकाराचा हात, तोंड-डोळे-मान हलवायला कळा. कलाकार ओठ न हलवता बोलतो आणि नजर बाहुल्याकडे ठेवतो. आपणही त्याच्या नजरेमागं जातो आणि फसतो. सगळी जादू ती एवढीच. संगणकानं काढलेल्या चित्राला वजन नसतं. बाहुल्याला असतं. तो खुर्चीवर बसला की खुर्ची भरलेली दिसते. त्याचं तोंड थोडं उशिरा उघडतं, मान झटक्यानं वळते. हा खरा नाही हे आपल्याला दिसत असतं, आणि तरी तो आपल्याकडे बघतोय असं वाटत राहतं. जिम हेन्सनचा बाहुल्यांचा ‘लॅबिरिंथ’ १९८६ साली अमेरिकेत आपटला होता. पुढं तीच मुलं मोठी झाली, आपल्या मुलांना घेऊन तो बघायला बसली आणि त्याचं सोनं झालं. हातानं केलेली जादू जुनी दिसते, पण शिळी होत नाही.

आणि बाहुल्याच्या आतला माणूस? गुंड तात्या विंचू झाले दिलीप प्रभावळकर. हेच प्रभावळकर कधीकाळी रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चिंची चेटकीण झाले होते. चेटकिणीनं पोरांना घाबरवायचं, पण इतकंच की पोरांनी पुढच्या प्रयोगाला आईचा हात ओढत पुन्हा यावं. हे माप त्यांना ठाऊक होतं. दिग्दर्शक महेश कोठारेही मुळात बालकलाकार. ‘छोटा जवान’ (१९६३) आणि ‘राजा और रंक’ (१९६८) मध्ये त्यांनी लहानपणी काम केलं होतं. मुलांना काय आवडतं हे त्यांनी पडद्याच्या आतून शिकलं होतं. त्यांचा ‘धुमधडाका’ १९८५चा, ‘धडाकेबाज’ १९९०चा. त्यांच्या सिनेमातल्या खलनायकांची नावं पाहिली तरी कळतं. कुबड्या खवीस, तात्या विंचू... ही नावं भीतीची आहेत की चेष्टेची? दोन्हींची. ‘तात्या’ म्हणजे घरातलं माणूस, ‘विंचू’ म्हणजे डंख. सगळा सिनेमाच त्या दोन शब्दांत आहे.

*

हे सगळं मी काही त्या संध्याकाळी विचार करत बसलो नव्हतो. त्या संध्याकाळी महत्त्वाचं काहीतरी वेगळंच घडलं.

पोरगा दारातून आत आला होता, मग पलंगाच्या कडेला, मग मोबाईल नीट दिसावा म्हणून थेट ताईच्या उशाशी. बाहुल्यानं पहिल्यांदा डोळे फिरवले तसा त्यानं चटकन नानीचा हात धरला. चांगला हात होता तो. ताई बाहुल्याकडे बघत होती. आणि अचानक, झटक्यानंतर इतकं सरळ वाक्य भाऊजींनीही ऐकलं नव्हतं, ती म्हणाली, “अरे, हो तर आमचो संकासूर!”

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

वाचकहो, तुम्हाला संकासूर सांगायला नको. आपल्या जत्रेच्या काल्यात आणि सीमेपलीकडच्या दशावतारात रात्री येणारा तो. अंगभर काळे कपडे, डोक्यावरून काळा बुरखा, पांढरे डोळे काढलेले, लांब लाल जीभ बाहेर लोंबणारी. वेद पळवणारा राक्षस, ज्याला विष्णूच्या हातून मरायचं आहे. पण मरण्यापूर्वी तो काय करतो? सूत्रधाराची फिरकी घेतो, गावच्या माणसांची नावं घेऊन टिंगल करतो, आपल्याच बोलीत बोलतो. मांडवातली पोरं किंचाळत आईच्या कुशीत शिरतात आणि एका डोळ्यानं बघत राहतात. देव येतात, जातात, लक्षात राहतो तो संकासूर. ताईचं म्हणणं चूक कुठं होतं? तात्या विंचू हा अमेरिकेहून आला असेल, पण आमच्याकडे त्याला बसायला पाट आधीच मांडलेला होता. भिववणारा आणि हसवणारा राक्षस एकच असू शकतो, हे आमच्या पोरांना जत्रेच्या मांडवात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं होतं. नक्कल पुष्कळ सिनेमांची झाली. त्यातल्या बहुतेक कुणालाही आठवत नाहीत. जी टिकली ती का टिकली, याचं उत्तर मला बी. ए.च्या तीन वर्षांत सापडलं नाही. आजारी बहिणीनं ते पाच शब्दांत दिलं.

“संकासूर कौन?” पोरानं विचारलं.

ताईनं सांगायचा प्रयत्न केला. शब्द अडकले. मग तिनं जीभ बाहेर काढली, डोळे मोठे केले आणि चांगल्या हातानं त्याला ओढल्यासारखं केलं. ज्या वाकड्या तोंडाची त्याला आठ दिवस भीती वाटत होती, त्याच तोंडानं तिनं संकासूर करून दाखवला. पोरगा आधी मागं सरकला, मग इतका हसला की स्वयंपाकघरातून भाची धावत आली. “नानी, फिर से!” ताईनं पुन्हा केलं. भाऊजी गॅलरीत जाऊन उभे राहिले. थंडी चांगलीच होती, पण ते थंडीसाठी बाहेर गेले नव्हते.

मग पुढचे दिवस रोज संध्याकाळी तोच कार्यक्रम. सिनेमा मराठीतच लावायचा असा हट्ट पोरानं धरला, कारण हिंदीतला तात्या नानीला आवडत नाही असं त्यानंच ठरवून टाकलं. नानी एक शब्द सांगणार, तो तिच्यामागून म्हणणार. बाहुलो. विंचू. भिऊ नको. त्यात कोकणी कुठली आणि मराठी कुठली याचा हिशेब आम्ही कुणी ठेवला नाही. (आपल्याकडे एवढी वर्षं ज्यावरून भांडणं झाली, तो प्रश्न त्या खोलीत कुणाला पडलाच नाही, हे नमूद करून ठेवतो.) मी निघालो त्या सकाळी त्यानं मला विचारलं, “नाना, तात्या विंचू मेला का?” अख्खं वाक्य, मराठीत.

मी म्हटलं, “मेला. पण २०१३ साली परत आला. ‘झपाटलेला २’, थ्रीडीमध्ये.”

“मग परत मेला?”

“परत मेला.”

“मग परत येणार,” तो शांतपणे म्हणाला.

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. हवालदाराच्या भूमिकेत पोट धरून हसवणारे विजय चव्हाण २०१८ साली गेले. व्हीसीआर गेला, भाड्याची कॅसेट गेली. आमच्या वाड्यावरच्या त्या ओसरीच्या जागी आता सिमेंटची इमारत आहे. बाहुला तेवढा म्हातारा झाला नाही. बाहुल्याचं ते बरं असतं, त्याला फक्त एक हात आणि एक आवाज लागतो.

परतल्यावर पहिलं काम केलं ते कॉलेजातल्या त्या मित्राला फोन. सत्तावीस वर्षांनी मान्य केलं की तुझं बरोबर होतं. तो म्हणाला, “कशाबद्दल?” त्याला आठवतही नव्हतं! असो.

ताईची हिंदी आता थोडी थोडी परत येतेय असं भाची सांगते. पण नातू तिच्याशी हिंदीत बोलत नाही म्हणे, मुद्दाम मराठीतच बोलतो, चुका करत. येत्या जत्रेला ते सगळे येणार आहेत. पोराला खरा संकासूर बघायचाय. मी त्याला पुढच्या रांगेत बसवणार आहे, आणि ताईची खुर्ची त्याच्या शेजारी. घाबरला तर धरायला हात जवळ हवा.